चिकू कोण खातंय ते बघायला घरीच बनवलेला मोशन कॅमेरा

आमचं गाव चिपळूणजवळ, घरामागे चिकूची दोन झाडं आहेत. पिकायला आलेले चिकू रात्रीतून गायब व्हायचे, सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेली सालं आणि गडग्यावर (दगडी कुंपणावर) बियाच बिया, आणि आईचा ठाम संशय शेजारच्या पोरांवर. मी पुण्यात, आई तिकडे, रोज फोनवर तोच विषय. "अरे तो कॅमेरा असतो ना तसला लाव काहीतरी" म्हणाली. आता चार चिकूंसाठी सीसीटीव्हीवाल्याला बोलवून डीव्हीआर आणि वायरिंग करत बसण्यापेक्षा म्हटलं आपणच बनवू, हालचाल झाली की फोटो काढेल आणि वायफायवरून मोबाईलवर पाठवेल असा. एका वीकेंडचं काम वाटलं होतं, तीन वीकेंड गेले. त्यातला कोड लिहायला अर्धा दिवस लागला असेल, बाकी सगळा वेळ वीज आणि सेन्सरची जागा या दोन गोष्टींनी खाल्ला. म्हणून खाली पण त्याच दोन गोष्टींवर जास्त लिहितोय, कोड काय सगळीकडे मिळतो.

बोर्ड घ्यायचा तो ईएसपी३२-कॅम, एआय थिंकर कंपनीवाला. काडेपेटीपेक्षा लहान बोर्ड, त्यावरच वायफाय, ओव्ही२६४० नावाचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मायक्रोएसडी कार्डाचा स्लॉट आणि एक पांढरा फ्लॅश एलईडी, सगळं एकत्र. साध्या आर्डुइनो युनो बोर्डावर हे जमत नाही, त्याची मेमरी एक फोटो धरायला पण पुरत नाही आणि वायफाय वेगळं जोडावं लागतं. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. घेताना एक लक्षात ठेवा, या बोर्डाला यूएसबीचं तोंडच नसतं. म्हणून त्याच्याखाली बसणारा प्रोग्रामर बोर्ड, दुकानात त्याला एमबी म्हणतात, तो सोबतच मागून घ्या. नुसता कॅमेरा बोर्ड स्वस्त मिळाला म्हणून आणला तर मग एफटीडीआय (यूएसबी जोडायचा वेगळा अडॅप्टर), जंपर वायरी, जीपीआयओ ० म्हणजे ० नंबरची पिन ग्राउंडला लावा, रिसेट दाबा, कोड चढल्यावर ती वायर काढा, परत रिसेट दाबा हा खेळ दर वेळी खेळावा लागतो. मी खेळलो, तुम्ही नका खेळू.

बाकी सामान म्हणजे हालचाल ओळखणारा एक पीआयआर सेन्सर, ५ व्होल्ट २ अँपिअरचा बऱ्यापैकी चार्जर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवतो तो), थोड्या वायरी, मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं फॅट३२ फॉरमॅट केलेलं, आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स. एक साधा मल्टिमीटर असेल तर फार बरं.

सगळ्यात आधी काहीही न जोडता नुसता कॅमेरा चालतोय का बघा. आर्डुइनो आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी३२ चं पॅकेज घ्यायचं, बोर्डांच्या यादीतून एआय थिंकर ईएसपी३२-कॅम निवडायचा, आणि उदाहरणांमध्ये कॅमेरा वेब सर्व्हर नावाचा प्रोग्राम असतो तो उघडायचा. त्यात कॅमेरा मॉडेलच्या ओळी असतात, एआय थिंकरवाली सोडून बाकी सगळ्या बंद करायच्या, वायफायचं नाव-पासवर्ड टाकायचं आणि अपलोड. सिरीयल मॉनिटर (बोर्डाचे मेसेज दाखवणारी खिडकी) ११५२०० या वेगावर ठेवला की आयपी पत्ता दिसतो, तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला की व्हिडिओ चालू. इथे लोक तीन ठिकाणी अडकतात. एक, कॉम्प्युटरला पोर्टच दिसत नाही, तेव्हा बोर्डाला शिव्या देण्याआधी केबल बदला, मोबाईलच्या बऱ्याच स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. दोन, वायफाय सापडत नाही, कारण ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिला दिसतच नाही. आणि तीन, कॅमेरा इनिट फेल्ड असं येतं, पुढे ०एक्स१०५ किंवा ०एक्स२०००१ असा काहीतरी आकडा. दहातल्या नऊ वेळा कॅमेऱ्याची ती पिवळसर पट्टी नीट बसलेली नसते. कनेक्टरवरची काळी पट्टी नखाने हळूच वर उचलायची, ती पिवळसर रिबन सरळ आत सरकवायची, काळी पट्टी परत खाली दाबायची. जोर लावला तर ती काळी पट्टी तुटते आणि मग तो बोर्ड गेलाच.

आता वीज. माझा बोर्ड टेबलावर लॅपटॉपला जोडून मस्त चालत होता, गावाला नेऊन चार्जरला लावला तर दर दोन मिनिटांनी रिस्टार्ट. कोडमध्ये चूक शोधण्यात अख्खा शनिवार गेला. शेवटी लॅपटॉप मागच्या पडवीत नेऊन त्याच केबलवर बोर्ड चालवून सिरीयल मॉनिटर बघितला तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड. म्हणजे व्होल्टेज पडतंय. हा बोर्ड चालू असताना साधारण १८० मिलिअँपिअर खातो, फ्लॅश पूर्ण लावला की ३१० च्या आसपास, आणि वायफाय सिग्नल सोडताना क्षणभर त्याच्याही वर उडी मारतो. बारीक तारेची तीन मीटरची केबल असेल तर ती उडी घेताना टोकाला ५ चे साडेचार व्होल्टसुद्धा उरत नाहीत. नेटवर अनेक जण सल्ला देतात की कोडमध्ये एक ओळ टाकून तो डिटेक्टरच बंद करून टाका. हे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे. तसं केलं की रिस्टार्ट थांबतात पण फोटो अर्धे हिरवे येतात, कार्डावरच्या फायली खराब होतात, आणि मग कशाने काय होतंय कळतच नाही.

माझं काम झालं ते असं: केबल छोटी आणि जाड घेतली, लांबी हवी होती ती २३० व्होल्टच्या बाजूने वाढवली, म्हणजे पडवीपर्यंत एक्स्टेंशन बोर्ड आणि तिथे चार्जर. आणि बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर अगदी जवळ तो १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कपॅसिटरवर पांढरा पट्टा असतो ती बाजू ग्राउंडला, उलटा लावलात तर फुगतो आणि फटकन फुटतो. वीज नेहमी ५ व्होल्टच्या पिनवरच द्या, शेजारीच ३.३ ची पिन असते तिच्यावर ५ गेले की खेळ खलास.

सेन्सरकडे वळू. पीआयआर म्हणजे उष्णता बघणारा सेन्सर. त्याच्या आत शेजारी शेजारी दोन पट्ट्या असतात आणि दोघींना दिसणाऱ्या उष्णतेत फरक पडला की तो हालचाल म्हणतो. म्हणून गरम वस्तू त्याच्यासमोरून आडवी गेली तर पटकन कळतं, सरळ त्याच्या अंगावर चालत आली तर उशिरा कळतं. पाल समोरून गेली तर सहसा काही होत नाही कारण ती आजूबाजूइतकीच गार असते. आणि हेच कारण आहे की उन्हाळ्यात हा मंद होतो, अंगाचं तापमान ३७ आणि हवा पण तेवढीच, मग फरक कुठून दिसणार. कोकणात रात्री तेवढं तापत नाही म्हणून चालून गेलं, पण चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी लावणार असाल तर फार अपेक्षा ठेवू नका.

बाजारात दोन प्रकार सहज मिळतात. एक एचसी-एसआर५०१, मोठा पांढरा घुमट आणि मागे दोन स्क्रू, एकाने अंतर साधारण ३ ते ७ मीटर ठरतं आणि दुसऱ्याने आउटपुट किती वेळ चालू राहील ते, काही सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. वेळेचा स्क्रू सगळ्यात कमीवर ठेवा. याला ५ व्होल्ट लागतात पण आउटपुट ३.३ चं देतो म्हणून सरळ जोडता येतो. पिनांची नावं घुमटाखाली लपलेली असतात, घुमट हळूच काढून वाचा, अंदाजाने जोडू नका. दुसरा एएम३१२, करंगळीच्या नखाएवढा, स्क्रू-बिक्रू काही नाही, ३ ते ५ मीटरपर्यंत बघतो. मी आधी मोठा आणला आणि पस्तावलो. वायफायचा अँटेना शेजारीच असला की तो मोठा सेन्सर रेडिओ सिग्नलनेच चाळवतो, म्हणजे फोटो पाठवला की सेन्सर पेटला, म्हणून परत फोटो, म्हणून परत सेन्सर, असं गोल गोल. एका संध्याकाळी साठ-सत्तर फोटो रिकाम्या अंगणाचे आले. त्याला वायर लावून दीड फूट लांब नेला तेव्हा शांत झाला. एएम३१२ ला हा त्रास पुष्कळ कमी, म्हणून आता तोच वापरतो. कोणताही घ्या, वीज दिल्यावर पहिला एक मिनिट त्याला स्थिर व्हायला द्या, तेवढ्यात तो काहीही बरळतो.

जोडणी तीनच वायरींची. सेन्सरचा प्लस ५ व्होल्टला, मायनस ग्राउंडला, आउटपुट जीपीआयओ १३ ला. १३ च का? कारण या बोर्डावर मोकळ्या पिना जवळपास नाहीतच, कॅमेऱ्याने आणि कार्डाने सगळ्या खाल्ल्यात. १२ नंबर मोकळी दिसते पण तिच्यावर सुरू होताना व्होल्टेज असेल तर चिप फ्लॅश मेमरीचं व्होल्टेज चुकीचं धरते आणि बोर्ड सुरूच होत नाही, सेन्सर लावला की बोर्ड मेला असं वाटतं. १६ नंबर आतल्या जादा मेमरीला जोडलेली आहे. ४ नंबर फ्लॅश एलईडीची, आणि तीच कार्डाची पण एक डेटा लाईन आहे, म्हणून कार्डावर लिहिताना फ्लॅश लुकलुकतो. उपाय असा की कोडमध्ये कार्ड एक-बिट मोडमध्ये सुरू करायचं, मग कार्डाला २, १४ आणि १५ एवढ्याच पिना लागतात आणि ४, १२, १३ सुटतात. एवढी एक गोष्ट माहीत नसल्याने किती लोकांनी हा बोर्ड फेकून दिला असेल देव जाणे.

कोडचा क्रम सांगतो, लायब्ररी तुमच्या आवडीची घ्या. सुरुवातीला कॅमेरा, कार्ड, वायफाय सुरू करायचं आणि इंटरनेटवरून वेळ घ्यायची, कारण या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही. भारतासाठी १९८०० सेकंदांचा फरक टाकायचा, म्हणजे साडेपाच तास. मग सतत १३ नंबर पिन बघत राहायचं, ती वर गेली की फोटो काढायचा, आधी कार्डावर साठवायचा, मग पाठवायचा. आधी साठवणं महत्त्वाचं, कारण गावाला नेट कधी जाईल सांगता येत नाही. फोटोच्या फाइलला तारीख-वेळेचंच नाव द्यायचं. पाठवून झालं की वीस-तीस सेकंद गप्प बसायचं, नाहीतर एकच मांजर पन्नास फोटो काढून घेतं.

यात एक गंमत आहे जी मला फार उशिरा कळली. सेन्सर पेटला, फोटो मागितला, आलेल्या फोटोत कोणीच नाही, आणि पुढच्या वेळी हालचाल झाली की आधीच्या वेळचा प्राणी दिसतो. म्हणजे कॅमेरा बफरमध्ये जुनी फ्रेम धरून बसलेला असतो आणि तुम्ही मागितलं की तीच हातावर ठेवतो. म्हणून पहिल्या दोन-तीन फ्रेम घ्यायच्या आणि न वापरता परत द्यायच्या, मग पुढची ठेवायची. याने अजून एक फायदा, सुरुवातीच्या फ्रेम हिरवट आणि काळपट येतात, तोवर कॅमेऱ्याचा उजेडाचा अंदाज बसतो. फोटोचा आकार १६०० बाय १२०० पर्यंत जातो पण मी ८०० बाय ६०० वरच ठेवलाय, पटकन जातो आणि प्राणी ओळखायला पुरतो. क्वालिटीच्या आकड्यात उलटं असतं हं, आकडा लहान तेवढा फोटो चांगला. १२ च्या आसपास ठेवा, अगदी खाली नेलात तर मेमरी कमी पडून बोर्ड अडखळतो.

पाठवायला टेलिग्रामचा बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) सगळ्यात सोपा, फुकट आणि सर्व्हर-बिर्व्हर काही नको. टेलिग्रामवर बॉटफादर म्हणून खातं आहे, त्याच्याशी गप्पा मारून नवा बॉट बनवायचा, तो एक लांबलचक टोकन देतो. ते टोकन म्हणजे किल्ली, कोडचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवताना तेवढं झाका. मग आपण स्वतः बॉटला एक मेसेज टाकायचा, कारण बॉट आपणहून कुणाशी बोलायला सुरुवात करू शकत नाही, आणि आपला चॅट आयडी काढून कोडमध्ये टाकायचा. कोडमध्ये तो आयडी तपासा पण, म्हणजे दुसऱ्या कुणी बॉटला फोटो मागितला तर मिळणार नाही. घरच्यांचा ग्रुप करून बॉटला त्यात घेतला तर ग्रुपच्या आयडीपुढे मायनसचं चिन्ह असतं, ते गाळलं की काहीच जात नाही आणि एरर पण धड कळत नाही. आईच्या मोबाईलवर टेलिग्राम टाकताना "हे व्हॉट्सॅपवर का येत नाही" यावर जेवढी चर्चा झाली तेवढ्यात अजून एक कॅमेरा झाला असता.

रात्रीचं काय? बोर्डावरचा फ्लॅश दीड-दोन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही आणि जास्त वेळ चालू ठेवला तर चांगलाच तापतो. फोटोच्या आधी अर्धा सेकंद लावून लगेच बंद करा. न दिसणारा उजेड हवा असेल तर ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी लावता येतात, पण साध्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून नाइट व्हिजनवाला ओव्ही२६४० वेगळा घ्यावा लागतो. रिबन तीच, नुसता बदलायचा. दिवसा मात्र त्यातून झाडं गुलाबी दिसतात, त्याला इलाज नाही.

डब्याबद्दल थोडं. कॅमेऱ्याला पारदर्शक ॲक्रिलिकची खिडकी चालते, सेन्सरला चालत नाही. काचेतून किंवा ॲक्रिलिकमधून शरीराची उष्णता आरपार जातच नाही, म्हणून सेन्सरचा घुमट भोक पाडून डब्याच्या बाहेर काढायचा आणि कडेने सिलिकॉन भरायचं. वायर खालून आत घ्या, वरून घेतली की पाणी तिच्यावरून चालत आत येतं. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या पण चालतात. आणि भोकं नीट बुजवा, माझ्या पहिल्या डब्यात आठवड्यात मुंग्यांनी अंडी घातली.

जागा ठरवताना मी मोठी चूक केली, डबा न्हाणीघराच्या भिंतीला लावला, तिथून झाड समोर दिसत होतं. पहाटे पाचला आई बंब पेटवायची आणि गरम धुराचा लोट सेन्सरसमोरून गेला की फोटो सुरू. दिवसभर उन्हात हलणारी केळीची पानं आणि वाळत घातलेले कपडे. मग डबा काढून गडग्याजवळच्या खांबावर लावला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, झाडाकडे तोंड करून नाही तर झाडाकडे जाणाऱ्या वाटेला आडवा, आणि सेन्सरच्या घुमटावर दोन्ही बाजूंनी काळी इन्सुलेशन टेप चिकटवली म्हणजे त्याला मधला पट्टाच दिसतो. खोट्या फोटोंची संख्या एकदम खाली आली. खांबापर्यंत वीज नेताना उघडी जोडणी ठेवू नका, पावसापाण्याचं घर आहे, २३० व्होल्ट पडवीतच राहू देत आणि पुढे जाड वायरीने ५ व्होल्ट न्या. आणि कॅमेऱ्यात शेजाऱ्याचं दार किंवा रस्ता येत नाही ना ते एकदा मोबाईलवर बघून घ्या, उगाच भांडणं नकोत.

वायफाय पोचत नसेल, आमच्या चिऱ्याच्या भिंतींतून नव्हतंच पोचत, तर आधी राउटर खिडकीत आणा. बोर्डावर बाहेरच्या अँटेनाचं छोटं गोल कनेक्टर असतं, पण नुसता अँटेना लावून उपयोग नाही, शेजारचा तिळाएवढा शून्य ओहमचा रेझिस्टर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सोल्डर करावा लागतो. हात थरथरत असेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

बॅटरीवर चालेल का असं सगळे विचारतात. चालेल, पण हिशोब बघा. २५०० एमएएचचा एक १८६५० लिथियम सेल, ३.७ चे ५ व्होल्ट करताना जे जातं ते जाऊन हातात साधारण १५५० एमएएच उरतं, १८० ने भागा, साडेआठ तास. म्हणून मग डीप स्लीप, सेन्सरने उठवायचं, फोटो काढून परत झोपायचं. चिप एकटी झोपेत १० मायक्रोअँपिअरवर राहू शकते पण हा अख्खा बोर्ड ६ मिलिअँपिअरच्या आसपास घेतोच, म्हणजे एकही फोटो न काढता दहा-अकरा दिवस. शिवाय झोपेतून उठून वायफाय जोडेपर्यंत काही सेकंद जातात, म्हणून उठल्याबरोबर आधी फोटो आणि मग वायफाय असा क्रम ठेवा. पॉवर बँक लावाल तर बोर्ड झोपला की बऱ्याच पॉवर बँका लोड नाही समजून बंद होतात आणि मग सेन्सर कुणाला उठवणार. स्लीपमध्ये १३ नंबरवर मला अजून एक त्रास झाला, कार्डाच्या लाईनवर व्होल्टेज वर ओढणारा रेझिस्टर असल्यामुळे पिन खाली येतच नव्हती. मध्ये एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाकला, सेन्सरचं आउटपुट १० के च्या रेझिस्टरमधून बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १३ ला, आणि कोडमध्ये पिन खाली गेली की उठ असं उलटं केलं. बूस्ट मॉड्यूल (सेलच्या ३.७ चे ५ व्होल्ट करणारं) वापरणार असाल तर बोर्ड जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून स्क्रूने ५ व्होल्ट करून घ्या, ती नवी येतात तेव्हा कितीवर असतील याचा नेम नसतो. माझ्याकडे पडवीत प्लग होता म्हणून मी शेवटी चार्जरवरच ठेवला.

चौथ्या रात्री पावणेतीनला फोटो आला. लांब शेपटी, राखाडी-काळं अंग, तोंडात चिकू, आणि फ्लॅशमध्ये चमकणारे दोन डोळे. उदमांजर. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली आमच्या लहानपणी पण यायचं, माळ्यावर राहायचं. शेजारच्या पोरांची सुटका झाली, त्यांना तो फोटो दाखवला तर ती आता रोज विचारतात आज आलं का म्हणून. उदमांजर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पिंजरा-फासे असलं काही करायचं नसतं, म्हणून पिकायला आलेले चिकू थोडे आधीच उतरवून पेंढ्यात घालायचे आणि वरच्या फांद्यांवरचे त्याला सोडायचे असं ठरलं. पावसाळ्यात डबा काढून आणलाय, खिडकीच्या आतल्या बाजूला थोडं बाष्प दिसलं, सिलिकॉन एका कोपऱ्यात सुटलंय, गणपतीला गावी जाण्याआधी तेवढं परत भरायचंय.